बँकेत काय सांगायचं

मंगळवार, ४ मार्च

टायरवाल्याने फुकट दिलेली ही डायरी आज उघडली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, तेव्हा राग कुठेतरी उतरवत जा. माणसांवर नको, कागदावर. एवढं सांगायची त्यांनी फी घेतली. पहिला राग तोच.

दुसरा राग आवाराच्या मालकाचा. गोदामामागची ती मोकळी जागा मी भाड्याने घेतली तेव्हा तिथे कमरेएवढं गवत आणि गंजके पत्रे होते. मी साफ करून घेतली, चुन्याच्या रेघा मारल्या, रिकामी पिंपं मांडली. अर्धं गाव तिथे गाडी मागे घ्यायला शिकलंय. आता मालक म्हणतो, विकायचीय. उन्हाळा संपेपर्यंत तुम्ही घ्या, नाहीतर गोदामवाला टपलेलाच आहे. आवार नसेल तर ड्रायव्हिंग स्कूल कसलं? नवशिक्याला पहिल्याच दिवशी ट्रकसमोर सोडू?

ताई म्हणाली, नाही जमलं तर दुसरं काहीतरी बघू. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. हॉस्पिटलात नर्स होती. भावजी गेल्यावर माझ्याकडे राहायला आली ती आलीच. माझी शिल्लक आणि तिच्या निवृत्तीचे पैसे एकाच खात्यात आहेत, दोघींच्या नावावर. सगळे मिळून आवाराच्या निम्म्या किमतीला जेमतेम पोचतात. आणि ही म्हणते, दुसरं काहीतरी बघू. हिने जन्मात स्टिअरिंग धरलेलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

मोबाइलवर रोख्यांची जाहिरात पाहून नंबर टाकला होता. जुनी, नावाजलेली कंपनी आहे. आज त्यांच्या सल्लागाराचा फोन आला. मी जिना चढत होते, लिफ्ट परत बंद. धाप लागलेली आणि गुडघ्याला घातलेल्या शिव्या ऐकून तो म्हणाला, "आधी घरी पोचा, पाणी प्या, मग बोलू." आणि खरंच ठेवला फोन. नंतर केला, तेव्हा आधी गुडघ्याचं विचारलं. मी म्हटलं, क्लच दाबून दाबून गेलाय.

मऊ आवाज, पण गुळगुळीत नाही. व्याज किती, मुदत किती, सगळं नीट समजावलं. घाई करू नका म्हणाला, घरच्यांशी बोला म्हणाला. घाई करू नका म्हणणारा माणूस फसवा असूच शकत नाही. फसवे घाई करतात.

बुधवार, १२ मार्च

सकाळी पहिल्या विद्यार्थ्याच्या आधी त्याचा फोन येतो. बाजार काय म्हणतोय ते सांगतो, मग थोडं इकडचं तिकडचं. आज मी त्याला त्या पोराची गोष्ट सांगितली, ज्याने ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबून माझ्यासकट गाडी पिंपांच्या रांगेत घातली आणि वर मलाच विचारलं, मॅडम, पास का? तो इतका हसला की मलाही हसू आवरेना.

ताईने चहा ठेवता ठेवता विचारलं, "हा माणूस रोज सकाळीच का फोन करतो?" मी म्हटलं, कामाचं असतं. ती म्हणाली, कामाच्या फोनवर तू एवढी हसत नाहीस. मला इतका राग आला. या घरात माणसाने हसायचीही परवानगी काढायची का?

त्याला सांगितलं की मला एकदा एकटीने गाडी काढून लांब, समुद्राच्या कडेकडेने जायचं होतं, आणि नेमकी त्याच वर्षी ताई राहायला आली. बेत राहिला तो राहिलाच. तो म्हणाला, व्याज सुरू झालं की आधी ते करा. हे ताईला कधी बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात काही नाहीच.

सोमवार, १७ मार्च

आधी थोडेसे टाकून पाहिले होते. आज व्याजासकट परत आले, खात्यात, खरेखुरे. ताईला मोबाइल दाखवला. म्हटलं, बघ. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, बरं.

मग मी मोठ्या रकमेचा विषय काढला. तिचे-माझे सगळे टाकायचे, उन्हाळ्याअखेर दुप्पट होतील म्हणतो तो, तेव्हा काढायचे, आवार घ्यायचं. ती बराच वेळ टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करत बसली. शेवटी म्हणाली, "तुला ठाऊक. तू म्हणतेस तर कर." एवढा मोठा निर्णय, आणि बाई पावाचा चुरा गोळा करतायत. सगळा भार नेहमी माझ्यावर.

गुरुवार, २० मार्च

आजचा राग पूर्ण पान खाणार.

सल्लागाराने आधीच बजावलं होतं की बँका आपल्याच योजना गळ्यात मारायला बघतात, पैसे बाहेर जाऊ देत नाहीत. गुंतवणूक म्हणालात तर दहा फॉर्म भरायला लावतील. म्हणून बँकेत काय सांगायचं ते त्याने ठरवून दिलं. नवीन गाड्या घेतेय असं म्हणायचं. तसं हे पूर्ण खोटंही नाही. पैसे माझ्या स्कूलसाठीच आहेत.

काउंटरवर एक चष्म्यावाली होती. माझ्या भाचीच्या वयाची असेल. मी फॉर्मवर 'वाहन खरेदी' लिहून सरकवला. तिने तो वाचला, मग मला वाचलं. गाड्या कोणत्या? विकणाऱ्याला भेटलात का? ज्या खात्यात पैसे पाठवताय ते उघडून फार दिवस झालेले दिसत नाहीत. आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, इथे काय सांगायचं ते तुम्हाला कुणी शिकवलंय का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी मोठ्याने म्हटलं, मी हजारांनी माणसं रस्त्यावर आणलीत, मला काय शिकवायचं ते मी शिकवते. रांगेतली माणसं बघायला लागली. ताई शेजारी उभी होती, पर्स छातीशी धरून. तिने माझ्या कोपराला हात लावला, मी झटकला. ती बाई म्हणाली, आज थांबा, उद्या या, एक रात्र जाऊ द्या. मी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि लेखी तक्रार दिली की ही मुलगी ग्राहकांचा अपमान करते. मॅनेजरने माफी मागितली, स्वतः काम करून दिलं, ताईची सही घेतली. पैसे गेले.

बाहेर आल्यावर सल्लागाराला कळवलं. तो म्हणाला, "वाटलंच होतं मला. तुम्ही खमक्या आहात म्हणून निभावलं."

ताई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिच्या या गप्प बसण्याचं कुणीतरी औषध काढायला हवं.

शुक्रवार, २८ मार्च

मोबाइलवर कंपनीच्या पानावर रक्कम वाढतेय. रोज उघडून बघते. फोन मात्र आता रोज येत नाही. तिमाही संपतेय, कामात असणार. सकाळी चहा पिताना घर फार शांत वाटतं.

गुरुवार, ३ एप्रिल

त्याचा फोन बंद. काल पण बंद होता. मागे एकदा तो घसा बसलाय म्हणाला होता. एकटा राहतो, जेवणाखाण्याचे हाल असणार. हॉस्पिटलात बिस्पिटलात नसेल ना? कंपनीत फोन करून चौकशी करावी म्हटलं तर त्याने दिलेला दुसरा नंबरही लागत नाही.

सोमवार, ७ एप्रिल

मालकाने इसार मागितला म्हणून थोडे पैसे काढायला गेले. पानावर लिहून आलं, काढण्याआधी कर भरा, तोही बाहेरून, वेगळ्या खात्यात. माझेच पैसे, त्यातूनच कापून घ्या की. तसं लिहून कळवलं. उत्तर आलं, नियम आहे. खाली कुणाचं नाव नाही.

मी मेकॅनिककडून उसने घेऊन भरायला निघाले होते. ताईने दारात अडवलं. म्हणाली, आधी त्यांच्या ऑफिसात जाऊन ये. समोरासमोर भर. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला कुठे जायचं ते सांगितलं. जाते. तिथे जाऊन त्या कर मागणाऱ्याची चांगली हजेरी घेते.

मंगळवार, ८ एप्रिल

काचेची इमारत. पत्ता बरोबर, पाटी बरोबर, कंपनी खरी. स्वागतकक्षातल्या बाईला मी सल्लागाराचं नाव सांगितलं. तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलंसुद्धा नाही. ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आमचं नाव वापरून काही लोक फसवणूक करत आहेत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, कृपया पोलिसांत जा.

कागद छापून ठेवलाय. गठ्ठा आहे त्यांच्याकडे. म्हणजे माझ्यासारखी माणसं येतात, ती येणार हे यांना माहीत आहे, आणि यांनी काय केलं, तर कागद छापले.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सुरक्षारक्षक आला, त्याने हात नाही लावला, फक्त जवळ उभा राहिला. त्या बाईने मला पाणी दिलं. मला पाणी नको होतं. ते मी प्यायले, कारण घसा कोरडा पडला होता, आणि पिताना दात ग्लासवर वाजत होते. माझे दात, माझ्या परवानगीशिवाय.

घरी आले. ताईने दार उघडलं. मी म्हटलं, गेले. तिने विचारलं नाही, काय गेले. पंखा लावला आणि माझी चप्पल उचलून कोपऱ्यात ठेवली.

गुरुवार, १० एप्रिल

पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने सगळं नीट लिहून घेतलं. तो म्हणाला, पैसे त्याच दिवशी पुढच्या खात्यांत पसरले, तिथून परदेशात. शोधू. 'शोधू' हा शब्द तो भिंतीकडे बघून म्हणाला.

बँकेत त्याच मॅनेजरने फॉर्म पुढे केला. "मॅडम, तुम्ही वाहन खरेदी लिहिलंय. आमच्या कर्मचाऱ्याने विचारलं होतं, तशी नोंद आहे. तुमची तक्रारही आहे." माझं अक्षर, माझी सही. त्याने तेव्हा माफी मागितली होती ती कुठे गेली? अर्ज दिलाय, उत्तर यायचंय.

चष्म्यावाली काउंटरवर नव्हती. माझ्या तक्रारीनंतर तिला आतल्या कामाला बसवलंय, शिपाई म्हणाला. म्हणजे आता बाहेर कुणी विचारणारच नाही. याचाही राग आला. कुणाचा, ते अजून ठरलं नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

ताईने काम धरलं. पलीकडच्या गल्लीत एक अर्धांगाने आजारी माणूस आहे, त्याला उठवायचं, बसवायचं, स्पंज करायचा. या वयात. मला आदल्या दिवशी सांगितलं, तेही भाजी चिरता चिरता. मी म्हटलं, मला टोचायला करतेस. ती म्हणाली, "घरखर्चाला करतेय."

रात्री तिच्या मुलाचा परदेशातून फोन आला. स्पीकर नव्हता, तरी त्याचा आवाज मला बाल्कनीपर्यंत ऐकू येत होता. मावशीने तुझं वाटोळं केलं, असं काहीतरी. ताई शांतपणे म्हणाली, "मावशीने नाही. माझ्या मनात आलं होतं, मीच टाकले. ती नको म्हणत होती."

मी आत जाऊन म्हटलं, खोटं का बोललीस? ती म्हणाली, तो तुझ्याशी बोलणं टाकेल म्हणून. अरे, टाकू दे की. माझा मूर्खपणा आहे, माझ्या नावावर राहू दे. तोसुद्धा ही उचलून घेणार, चपलेसारखा.

ती मला का रागवत नाही? रोज वाट बघते. एकदाची बोलली तर मीही चार शब्द सुनावीन आणि मोकळी होईन.

मंगळवार, २२ एप्रिल

आज गाडी शिकायला येणाऱ्या एका शिक्षिकेला चौकात इतकी बोलले की तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंडिकेटर बंद केला, सगळं मी शिकवलं तसं, आणि उतरून चालत गेली. फीचे उरलेले पैसेही मागितले नाहीत. मी बाजूच्या सीटवर बसून राहिले. मागून हॉर्न वाजत होते. वाजू दिले.

शुक्रवार, २ मे

दुपारी फोन आला. 'वसुली विभाग'. तुमची बुडालेली रक्कम सापडली आहे, थोडं शुल्क भरलं की परत मिळेल. नाव वेगळं, हुद्दा वेगळा. पण आवाज त्याचा.

मला वाटलं होतं, सापडला तर शिव्यांनी सोलून काढीन. गाडीत शिव्यांचा सराव केला होता. प्रत्यक्षात तोंडातून आलं ते भलतंच. मी म्हटलं, "गुडघा बरा आहे माझा आता."

 तो म्हणाला, "कोणता गुडघा?"

आणि खरंच त्याला आठवत नव्हतं. नाटक नव्हतं ते. मी नाटक ओळखत नाही हे सिद्ध झालंय, पण हे नव्हतं. मग त्यालाही काहीतरी लक्षात आलं असावं, त्याने फोन ठेवला.

नंबर पोलिसांना कळवला. ते म्हणाले, ठीक आहे.

इतका राग तर पैसे गेले तेव्हाही आला नव्हता. याचं कारण मी लिहिणार नाही. डॉक्टरांना काय लिहायचं ते लिहू दे.

शुक्रवार, ९ मे

झालं एकदाचं भांडण. डाव गॅसवर आपटला म्हणून सुरू झालं. मी म्हटलं, मनात आहे ते बोल, महिना झाला हे मुकं बघतेय. ताई म्हणाली, बोलण्यासारखं नाही. मी म्हटलं, पैशांचं बोल, तुझ्या आयुष्याची कमाई होती.

तेव्हा ती वळली. चेहरा असा की मी ओळखलाच नाही.

"पैशांचं काय बोलू? पैसे मीही सही करून दिले. तू त्या माणसाशी बोलायचीस ना सकाळी, मी मोरीत नळ सोडून उभी राहायचे. ऐकू येऊ नये म्हणून. समुद्राकडे जायचं होतं तुला. मी आले म्हणून राहिलं. हे मला सांगायचं नाही, आणि त्या चोराला सांगायचं?"

म्हणजे ऐकू येत होतं.

मी म्हटलं, तू कधी विचारलंस का? ती म्हणाली, तू कधी सरळ उत्तर दिलंस का? विचारलं की अंगावर येतेस. मग मीही बोलले, तीही बोलली, भावजी गेल्यापासूनचं सगळं निघालं, कपाटाच्या कप्प्यावरून, तिच्या औषधांच्या वासावरून, माझ्या दारं आपटण्यावरून. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला झाडूचा दांडा ठोकला. ताईने पाय आपटून उत्तर दिलं. ताईने.

भाजी करपली. आम्ही पाव आणि लोणी खाल्लं, एकमेकींकडे न बघता. झोप मात्र लागली.

बुधवार, १४ मे

बँकेचं उत्तर आणायला गेलो दोघी. उत्तर अपेक्षित तेच. आपण दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे बँक जबाबदार नाही. मालकाला कालच कळवून टाकलं की आवार गोदामवाल्याला दे. एक गाडी विकायला काढलीय.

कागद घडी करून पर्समध्ये टाकत होते, तेवढ्यात काउंटरपाशी एक म्हातारे गृहस्थ दिसले. इस्त्रीचा शर्ट, कानात इअरफोन, त्याची वायर खिशात गेलेली. ओठ हलत होते. मी जवळून गेले तेव्हा ऐकू आलं, "घरदुरुस्ती. हो. घरदुरुस्ती म्हणतो. भावाचं घर. बरं." पोराने धडा पाठ करावा तसं. काउंटरवरचा मुलगा शिक्का उचलत होता. त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. त्यांच्या कानातला इअरफोन ओढून काढला, काउंटरवरचा फॉर्म घेतला आणि चुरगळला. म्हातारबुवा किंचाळले. शिक्का धरलेला मुलगा उठून उभा राहिला. मी म्हटलं, यांच्या खिशात फोन चालू आहे, बघा, तो तिकडून सांगतोय. मॅनेजर धावत आला. आतल्या दारातून चष्म्यावालीही आली. तिने मला ओळखलं. मला वाटलं, आता ही सूड उगवणार. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती म्हाताऱ्यांकडे गेली आणि त्यांच्या खिशाकडे बोट करून म्हणाली, "तो फोन मला जरा ऐकू द्याल?" तोवर पलीकडच्याने ठेवला होता.

तिने व्यवहार थांबवला. मॅनेजरने या वेळी माफी मागितली नाही. मला मात्र बाहेर जायला सांगितलं, आणि ते बरोबरच होतं.

आम्ही पायऱ्यांवर आलो तर म्हातारबुवा मागोमाग. रागाने थरथरत होते. काय काय बोलले. बया म्हणाले, वेडी म्हणाले, तुझ्यासारख्या रिकामटेकड्यांमुळे माणसाला स्वतःचे पैसेसुद्धा वापरता येत नाहीत. तो किती सज्जन माणूस आहे, रोज माझ्या बायकोच्या तब्येतीची चौकशी करतो, तुम्हाला काय कळणार. उद्या दुसऱ्या शाखेत जाईन. आणि शेवटी माझ्या तोंडासमोर बोट नाचवून, "तुम्ही माझ्या कोण लागता हो?"

  ओरडणाऱ्याच्या समोरच्या बाजूला मी कधी उभीच राहिले नव्हते. उभी राहिले. त्यांना बोलू दिलं.

ताई पुढे झाली. तिने त्यांचं ते बोट हळूच खाली घेतलं आणि मनगट धरूनच ठेवलं, नाडी बघतात तसं. त्यांना पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसली.

"ही पण इथेच अशी ओरडली होती," ताई त्यांना म्हणाली. "मी शेजारी उभी होते. मला तेव्हाच कळलं होतं. पण हिच्या रागाला भिऊन मी गप्प बसले आणि सही केली."

 म्हातारबुवांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने त्यांचं मनगट सोडलं नव्हतं, आणि थरथरत कोण होतं ते मला उभ्या जागेवरून कळेना.

मी खालच्या पायरीवर बसले.